चढावरची गाडी

भूपेंद्रने ब्रेकवरचा पाय काढला, तरी गाडी जागची हलली नाही.

चढ चांगला छातीवर येणारा होता. गाडीचं तोंड आभाळाकडे, क्लच तळापर्यंत दाबलेला, हँडब्रेक सोडलेला. अशा वेळी गाडीने काय करायचं असतं हे तापीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. मागे यायचं. निदान मागे येण्याचा मनसुबा तरी दाखवायचा. पण पडद्यावरची ती लाल टपालगाडी चढावर अशी ठाण मांडून उभी, की ती जागा जणू तिच्या बापाने तिच्या नावावर करून दिली होती. भूपेंद्रने गेम थांबवला, आत जाऊन नवशिक्यांसाठी ठेवलेल्या सगळ्या सवलती एकेक करून बंद केल्या आणि पुन्हा तोच चढ, तेच वळण, तोच पाय. गाडी उभीच. झाडांची पानं हलत होती, दगडी भिंतीवर शेवाळ चमकत होतं, लांब कुठे मेंढरं ओरडत होती, आणि गाडीला वजन नव्हतं. जिन्याची एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं त्याला झालं. मागे पलंगावर मेथी निवडत बसलेली त्याची बायको रुपा म्हणाली, "काय जयं? मी बठू का आते?" तो म्हणाला, "थांब जरासं. काहीतरी गडबड शे." त्यावर रुपाने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "दोन महिना जयात, मी थांबीच ऱ्हायनू." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं.

या गेमचं नाव 'हिल मेल', आणि भूपेंद्रचं निम्मं आयुष्य त्याच्या पहिल्या भागात गेलेलं. कुठल्याशा परदेशी डोंगरात टपालाची गाडी चालवायची, गावोगावी पत्रं नि पार्सलं पोचवायची, बस्स. शर्यत नाही, बंदूक नाही, जिंकणं हरणं नाही. कॉलेजात असताना शहाद्याच्या स्टँडजवळ पुनीतच्या वडिलांच्या कॉम्प्युटर-गेमच्या दुकानात तो पहिल्यांदा खेळला. पुनीत म्हणजे त्याचा जीवाभावाचा दोस्त. घराणं मारवाडचं, पण चार पिढ्या इथे गेल्यामुळे भांडायला लागला की अहिराणीतच भांडणारा. दुकानातली बाकीची पोरं धूमधडाक्याच्या गाड्या उडवायची आणि भूपेंद्र आपला कोपऱ्यात बसून टपाल वाटायचा. पोरं हसायची, हसू देत. त्या गाडीला भार होता हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मागे पार्सलं वाढली की वळणावर ढुंगण बाहेर पडायचं, उतारावर ब्रेक सारखा दाबला की तापून सुटायचा, आणि चढावर थांबलात की क्लच आणि रेस यांचा मेळ जमेपर्यंत गाडी मागे सरकायची. पुढे लग्न झालं, ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं, मग टेबलाला आवळायचं स्टिअरिंग आलं, क्लच, ब्रेक नि रेसचे तीन पायटे आले. पण संध्याकाळी दुकानातून येऊन हातपाय धुतले की तासभर टपाल वाटल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. इंटरनेटवर लांबलांबचे लोक त्याला विचारायचे, तो गिरणीचा चढ कसा काढायचा हो? आणि हा आपल्या मोडक्या इंग्रजीत लांबलचक उत्तरं लिहायचा. तिथे त्याला 'शहादावाला' म्हणत. माणसाला शहाद्याबाहेर कोणी शहादावाला म्हणावं यात किती सुख असतं ते गाव सोडून न गेलेल्यालाच ठाऊक.

आणि त्याचा एक सिद्धांत होता. दुकान नवीन असताना नळ्यांनी भरलेली पिकअप घेऊन त्याला धडगावला जावं लागलं होतं. सातपुड्याचा घाट त्याने तोवर कधी चालवला नव्हता. चालवला, आणि असा चालवला की शेजारी बसलेला हमाल, घाटाच्या पायथ्याशी देवाला हात जोडून डोळे मिटलेला, पहिल्याच वळणानंतर डोळे उघडून बिडी ओढू लागला. तेव्हापासून भूपेंद्र छाती पुढे काढून सगळ्यांना सांगायचा, हा घाट मी गेमवर शिकलो. लग्नात सांगितलं, मर्तिकात सांगितलं, सासुरवाडीला तर दर खेपेला. शंभरदा सांगितलेली गोष्ट हळूहळू घराच्या भिंतीसारखी होते, तिला टेकून बसताना आपण मागे वळून बघत नाही. म्हणून रुपाने जेव्हा विचारलं, तेव्हा त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

रुपा अंगणवाडी सेविकांवर देखरेख करणारी. आजवर शहाद्याच्या आसपासची गावं होती, एसटीने भागायचं. आता तिला बढती मिळाली ती धडगावला. हाताखाली पाडे, एक या डोंगरावर तर दुसरा त्या डोंगरावर, आणि तिकडे जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही. भरणं म्हणजे दारात लटकून भरणं. स्वतःची गाडी असेल तरच ते काम होण्यासारखं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर बढती दुसरीला. रुपाने बढतीची कुणकुण लागताच गाडी शिकायला घेतली होती. सारंगखेड्याला तापीच्या काठी जिथे घोड्यांची यात्रा भरते ते मैदान वर्षातले बाकीचे महिने मोकळंच असतं. तिथे भूपेंद्रने तिला घरच्या कारवर शिकवलं. सपाटीवर ती सुरेख चालवायची. लायसन आलं. पण एकदा पुलाच्या चढावर गाडी बंद पडली, मागच्या बसने भोंगा दिला, गाडी हातभर मागे आली, आणि तेव्हापासून चढ म्हटला की तिचे तळहात ओले होत. ती म्हणाली होती, एका रविवारी घाटात घेऊन चला, जे व्हायचं ते होऊन जाऊ दे. आणि भूपेंद्र म्हणाला होता, घाई काय? गेमचा दुसरा भाग येतोय, पहिल्याहून खराखुरा. घरात बसून घाट शिक, हवी तितकी गाडी दरीत टाक, कोणाचं काही जात नाही. आणि रविवारमागून रविवार गेले. दुसरा भाग आज, शुक्रवारी संध्याकाळी, एकदाचा आला होता.

पुनीतचा फोन आला. त्यानेही दुकानात गेम टाकला होता आणि आवाजावरून स्वारी हवेत होती. "भौ, देखं का? पानं कसा हाली ऱ्हायनात देख ना. पानी कसं चमकी ऱ्हायनं."

"पानं देखाकरता लिदी का गेम?" भूपेंद्र म्हणाला. "चढवर गाडी थांबाड. पाय सोड. मांगे येस का ते सांग."

पलीकडे थोडा वेळ खुडबुड ऐकू आली. मग पुनीत म्हणाला, "नही येस. पन मांगे कशाले यावाले पाहिजे? आपले पुढे जावानं शे ना?"

भूपेंद्रने फोन ठेवला. पुनीतच्या बोलण्यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि हेच त्याला टोचलं. ज्या कोणी हा दुसरा भाग बनवला त्यांनीही अगदी असाच विचार केला असणार. लोकांना मागे सरकायला आवडत नाही, मग काढून टाका मागे सरकणं. नाव तेवढं ठेवा, लाल रंग ठेवा, पहिल्या भागातली ती सुरुवातीची घंटाही ठेवा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आपण पारखी, आपण शहादावाला, आपल्यालाच कोणी फसवावं? तो नुसता नाराज नव्हता, त्याचा अपमान झाला होता. आणि त्या अपमानाच्या मधोमध, नको असताना, आप्पा उभे राहिले. भिलाआप्पा, त्याचे वडील. सारंगखेड्याच्या यात्रेत आप्पांच्या शब्दाला वजन. घोडा रंगावर घेऊ नये, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यावर घेऊ नये, चालीवर घ्यावा. पाठीवर बसून पन्नास पावलं चालवल्याशिवाय बोली लावू नये, हे ते अख्ख्या गावाला सांगायचे. आणि त्याच आप्पांनी एका वर्षी एका नामी घोडीचं शिंगरू यात्रा भरायच्या आधीच आपल्यासाठी सांगून ठेवलं. घोडी पंचक्रोशीत गाजलेली, तिच्या चालीवर पाण्याचा पेला डुचमळत नसे असं म्हणायचे. शिंगरू आलं, मोठं झालं, देखणं निघालं, आणि चाल अशी निघाली की वर बसणाऱ्याचा कणा खिळखिळा व्हावा. लोक हसले. आप्पा ओट्यावर बसून एवढंच म्हणाले होते, "मी घोडी देखी. शिंगरू देखंच नही." भूपेंद्र तेव्हा शाळेत होता, आणि आपल्या बापाइतका शहाणा माणूस असं कसं करू शकतो याचं त्याला कित्येक दिवस नवल वाटत राहिलं होतं. आता वाटेनासं झालं. ज्याला पारख असते तोच नावावर भुलतो. ज्याला नसते तो बिचारा पन्नास पावलं चालवून बघतो.

पण हार मानणाऱ्यांतला तो नव्हता. शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद करून तो घरी आला, दुसरा भाग बाजूला सारला आणि पहिला चढवला. दुधाची तहान ताकावर नव्हे, उलट ताकाला दूध म्हणून विकणाऱ्यांना बाजूला सारून खरं दूध काढलंय, अशा थाटात त्याने रुपाला खुर्चीवर बसवलं. "हाई देख. आते कळी तुले." पडद्यावर जुने ठोकळेबाज डोंगर उभे राहिले. गिरणीचा चढ आला. रुपाने गाडी थांबवली, क्लच दाबला, ब्रेक सोडला, आणि गाडी मागे आली. भूपेंद्रला केवढा आनंद झाला. "देखं? देखं? मांगे ऊनी ना?" रुपा पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा कोराच. "मांगे ऊनी," ती म्हणाली, "पन माले काहीच नही समजनं. चित्र मांगे गयं. मी तर खुर्चीवरच शे." मग तिने पुन्हा केलं, पुन्हा केलं, चांगलं शिकणाऱ्या माणसासारखं निमूटपणे केलं, आणि प्रत्येक वेळी गाडी मागे आली आणि रुपा खुर्चीवरच राहिली.

ती उठून चहा टाकायला गेली तेव्हा तो स्वतः बसला. चढावर थांबला, पाय सोडला. गाडी मागे सरकली, आणि कमरेत ती ओळखीची ओढ आली, माकडहाडाजवळ कोणी हलकेच मागे खेचल्यासारखी. आहे की. मग रुपाला का नाही? खुर्ची तर तीच, प्लास्टिकची, बाजारातून आणलेली, तिला ना चाक ना स्प्रिंग. त्याने डोळे मिटले. डोळे मिटले तर ओढ जायला हवी, पण ती गेली नाही, वाढली. आणि तिच्यासोबत डिझेलचा वास आला, ओल्या उसाचा वास आला, आणि आप्पांचा हात त्याच्या मांडीवर आला. नदीकाठच्या मळ्यातून वर गावाकडे येणारा तो चढ. ट्रॅक्टर, मागे उसाची ट्रॉली, आणि पाय पायट्यापर्यंत नीट न पोचणारा तो, आप्पांच्या पुढ्यात बसलेला. ट्रॉली मागे ओढते तेव्हा ट्रॅक्टरचं पुढचं चाक कसं हलकं होतं, मग सगळं लोखंड कसं श्वास रोखून थांबतं, आणि त्या थांबण्यात कुठल्या क्षणी पाय उचलायचा हे आप्पांनी तोंडाने कधीच सांगितलं नव्हतं. मांडीवरचा हात दाबला की दाबायचं, सैल पडला की सोडायचं. शाळेतली सगळी वर्षं तो चढ त्याने तसा चढला होता. म्हणजे वजन गेममध्ये नव्हतंच. पहिल्यात नव्हतं आणि दुसऱ्यातही नव्हतं. इतकी वर्षं दर संध्याकाळी तो स्वतःच आपल्या पाठीवरून ते घेऊन येत होता आणि पडद्यावरून ओवाळून टाकत होता. लांबलांबच्या लोकांना गिरणीचा चढ समजावून सांगत होता तो, खरं तर आप्पांचा हात समजावून सांगत होता. आणि आप्पा होते तोवर त्यांना त्याने एकदाही म्हटलं नव्हतं की घाट मी तुमच्याकडून शिकलो.

त्याला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण वाईट वाटून घेत बसायला वेळ कुठे होता? रुपा चहा घेऊन आली तेव्हा तो स्टिअरिंग टेबलावरून सोडवत होता. "सकाळे घाटमा जाऊत," तो म्हणाला. रुपाने त्याच्याकडे बघितलं, कप ठेवला आणि म्हणाली, "मी चालाडसू." तो म्हणाला, "तूच चालाड."

रविवारी सकाळी म्हसावद मागे पडेपर्यंत सगळं झकास होतं. दोन्हीकडे केळी, मग पपई, मग कापूस, आणि मग शेतंच संपली आणि सातपुडा समोर आला. भूपेंद्रने आपल्याशी ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण त्याचा उजवा पाय ऐकेना. वळण आलं की नसलेला ब्रेक तो दाबायचाच. रुपाला ते दिसत होतं. पहिली वळणं तिने चांगली काढली, दुसऱ्या गिअरवर, भोंगा देत, कडेला चिकटून. भूपेंद्रच्या जीवात जीव येत होता. तेवढ्यात वरून बांबूंनी भरलेला ट्रक आला, वळणाच्या अगदी तोंडावर, आणि रुपाला थांबावं लागलं. ट्रक खरवडत गेला. रस्ता मोकळा झाला. आणि आता ती चढावर उभी होती, छातीवर येणाऱ्या, खऱ्या.

तिने पाय उचलला. गाडी मागे आली. तिने कचकन ब्रेक मारला, इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद पडलं. खालून धडगावला जाणारी जीप आली, दारात, टपावर, मागच्या पायरीवर माणसं, आणि मागे बरंच अंतर ठेवून थांबली. माणसं उतरून तमाशा बघायला उभी राहिली. जीपवाला इंद्रसिंग, तिकडचा पावरा आदिवासी, भला माणूस; त्याने भोंगा दिला नाही, नुसता खिडकीतून म्हणाला, "साहेब, तुम्हीच बसा ना. बाईंना नाही जमायचं." भूपेंद्रच्या सगळ्या अंगात ते वजन उभं राहिलं होतं, एका फटक्यात, डोळे मिटून ही गाडी काढली असती त्याने. रुपाच्या कानामागून घामाची धार आली होती. ती पुढे बघत म्हणाली, "तुमी उतरा."

सुटलो, असं त्याला वाटलं. तो उतरला आणि बॉनेटला वळसा घालून तिच्या दाराशी गेला. दार उघडलं नाही. "आठे नही," काचेतून ती म्हणाली. "मांगे जा. चाकले दगड लावा."

असं आजवर त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दगड लावणं हे क्लीनरचं काम. पण तो गेला, कडेचा एक चांगला दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. जीपमधली माणसं एकमेकांत काहीतरी पावरीत बोलून हसली. रुपाने गाडी चालू केली, पाय उचलला, गाडी दगडावर रेलली, थरथरली आणि बंद पडली. पुन्हा तेच. दगड होता म्हणून ती मागे येत नव्हती, आणि मागे येत नव्हती म्हणून पायाला काही कळत नव्हतं. हे भूपेंद्रला कळलं, पण सांगायच्या आधीच काच खाली आली आणि रुपाचं डोकं बाहेर आलं. "दगड काढा."

"सरकी ना तू," तो म्हणाला.

"सरकू दे. काढा."

त्याने दगड काढला. खरं तर त्याने बाजूला व्हायला हवं होतं. शहाणा माणूस बाजूला होतो. तो मागेच उभा राहिला आणि डिकीवर डावा तळहात टेकला. गाडी अडवायला नव्हे, एका हाताने गाडी अडत नसते. ब्रेक सुटला आणि गाडी त्याच्या तळहातावर आली, अख्खी, तापलेली, जिवंत, सगळ्या डोंगराचं वजन घेऊन. त्याचं पाऊल खडीवर घसरलं. आता पाय, त्याला ओरडावंसं वाटलं, आता. तो ओरडला नाही, त्याने तळहात थोडा दाबला. आणि तेवढ्यात ते लोखंड श्वास रोखल्यासारखं थांबलं, थांबलं, आणि तळहातावरून अलगद निघून गेलं. त्याच्या तोंडावर धूर सोडून गाडी चढ चढली, भोंगा दिला आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

"बसा साहेब," इंद्रसिंग म्हणाला. आत जागा नव्हतीच. भूपेंद्र मागच्या पायरीवर दोन माणसांच्या मध्ये लटकला. दाराशी बसलेल्या एका म्हातारीने त्याच्या धुळीच्या तोंडाकडे बघून विचारलं, "गाडी तुमनी शे का?" तो म्हणाला, "नही. तिनी शे." जीप भरधाव नव्हती, पण प्रत्येक वळणाला सगळा भार एका अंगाला यायचा आणि लटकलेले सगळे एकसाथ झुकायचे; तोही झुकत होता. वरची सपाटी आली. इथे हातपंपाजवळ रुपा गाडी उभी करून वाट बघत असणार, पुढचं बोलणं त्याने मनात जुळवूनही ठेवलं होतं. हातपंपाजवळ कोणी नव्हतं. रस्ता लांबवर दिसत होता, आणि पार तिकडे, धडगावच्या बाजूला, धुळीचा एक लोट पुढे चालला होता. आपल्याला टाकून गेली. त्याला थोडं लागलं, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं. इंद्रसिंगने वेग कमी करून आरशातून विचारलं, "साहेब, इथं उतरायचं का?"

"नाही," भूपेंद्र म्हणाला. "धडगावपर्यंत चला."